चोपन्न दिवसांची उधारी

१४ मार्च २०२३. शब-ए-बरात होऊन आठवडा झाला होता आणि रमजान दहा दिवसांवर आला होता. त्या दिवशी राज्यातले सरकारी कर्मचारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तो सकाळीच ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेली पांढरी टोपी घालून मोर्चाला गेला. आणि माझा धाकटा भाऊ, ज्याने आयुष्यभर इचलकरंजीत माग चालवला, तो त्याच सकाळी एका सरकारी दवाखान्यातून परत आला. त्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. परिचारिका संपावर होत्या. तातडीच्या केसेस तेवढ्या घेतोय, तुमचे संप मिटल्यावर बघू, असे त्याला सांगण्यात आले. तुटलेला धागा दिसेना म्हणून त्याला कामावरून बसवले होते. आता डोळाही लांबणीवर पडला.

संध्याकाळी दोघे ओट्यावर समोरासमोर बसले. आमच्या घरात बोलणे दखनीत होते, इथे मराठीत देतो. धाकटा म्हणाला, “बाळा, तू कुणाच्या विरुद्ध संप केलास?” मुलगा म्हणाला, “सरकारच्या, चाचा.” “सरकारचं काय बिघडलं? तुमचा पगार वाचला त्याचा. डोळा माझा राहिला.”

मुलगा गप्प बसला. मीही बसलो. पण प्रश्न नैतिक होता आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. जनतेच्या पैशावर पगार घेणाऱ्याला जनतेची अडचण करून आपली मागणी मान्य करून घेण्याचा हक्क आहे का?

मागणी काय होती ते आधी सांगतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जो सेवेत लागला, त्याला तेव्हा जुने निवृत्तिवेतन नव्हते. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता मरेपर्यंत मिळतो, आणि त्यासाठी पगारातून काही कापले जात नाही. नव्या पद्धतीत दरमहा पगारातून कापायचे, सरकारने आपली भर घालायची, ते पैसे बाजारात गुंतवायचे आणि म्हातारपणी जे येईल ते घ्यायचे. मी २०११ मध्ये निवृत्त झालो, मला जुनी आहे. मुलगा २००९ मध्ये लागला, त्याला नवी. एकाच पेशातल्या बापलेकांच्या म्हातारपणात एका तारखेने भिंत घातली. मुलाची तक्रार खोटी आहे असे म्हणण्याची माझी हिंमत नाही.

सरकारची बाजूही खोटी नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले होते की, जुनी योजना आणली तर राज्यावर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल. आकड्यावर वाद होऊ शकतो, पण पैसा करातूनच येणार, यात वाद नाही.

संपाच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालय पूर्वीच बोलले आहे. २००३ मध्ये तामिळनाडूत निवृत्तीच्या लाभांना कात्री लागली म्हणून कर्मचारी संपावर गेले. जयललितांच्या सरकारने एका फटक्यात सुमारे पावणेदोन लाख लोकांना नोकरीवरून काढले. टी. के. रंगराजन यांच्या याचिकेवर त्याच वर्षी ६ ऑगस्टला निकाल आला. सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा ना मूलभूत हक्क आहे, ना कायद्याने दिलेला, आणि नैतिक आधारही नाही. पहिल्या दोन गोष्टी न्यायालयाने सांगायच्याच असतात, त्या मी मान केली. तिसऱ्या गोष्टीपाशी मात्र मी थांबतो. नैतिक काय, हे न्यायालयापेक्षा माझ्या भावाला विचारावे असे मला वाटते. कारण भोगतो तो.

आणि भाऊ संपाच्या विरुद्ध नाही! २०१३ मध्ये इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारांनी मजुरीवाढीसाठी मोठा संप केला, त्यात तो होता. फरक त्यानेच समजावला. “आमचा माग बंद पडला की मालकाचं कापड अडतं. तो नुकसान मोजतो, आम्ही उपास मोजतो, मग कुठंतरी जुळतं. तुमच्यात मालक कोण? मंत्री? त्याच्या घरचं काय अडतं?” कोणत्याही जाडजूड पुस्तकाने याहून स्वच्छ मांडणी केली नसती. खाजगी संपात दुखते ते मालकाला. सरकारी संपात दुखते तिसऱ्यालाच, आणि तो ओरडेल तेव्हा मालक हलतो. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. पिके आडवी झाली, पण पंचनामे करायला तलाठी, ग्रामसेवक नव्हते. त्या शेतकऱ्याने कुणाचे काय केले होते?

मग तो करदात्याचा मुद्दा येतो. वर्तमानपत्रांतून ‘आमच्या कराच्या पैशावर यांची चैन’ असे लिहिणारे बहुतेक आयकर भरणारे असतात. जणू कर भरतात ते तेवढेच. माझा भाऊ आयकर भरत नाही, पण त्याच्या मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि तो उद्योगपतीला जितका तितकाच त्याला. आपल्या समाजात या मुद्द्याला आणखी एक धार आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की भारतीय प्रशासकीय सेवेत आपण ३ टक्के आहोत आणि पोलीस सेवेत ४. कष्टकऱ्यांतले बहुसंख्य लोक स्वतःचे छोटे धंदे करणारे. त्यामुळे नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर कुणी ना कुणी म्हणतोच, “त्या नोकऱ्यांत आपण नाहीच, मग त्यांच्या पेन्शनशी आपल्याला काय?” हे ऐकून मला वाईट वाटते, कारण मी त्या नोकरीत होतो आणि माझ्या पेन्शनवर आमचे घर उभे आहे. पण रागावण्याचा हक्क मला नाही.

हा मत्सर फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९५९ मध्ये सरकारी नोकरांना एकत्र येऊन वाटाघाटी करण्याचा हक्क कायद्याने दिला, असे करणारे ते तिथले पहिले राज्य. २०११ मध्ये त्याच राज्यात गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी करदात्याच्या नावाने तो हक्क जवळजवळ काढून घेतला. मात्र पोलीस आणि अग्निशामक यांना वगळले. तत्त्वच असते तर ते सर्वांना लागले असते. करदात्याचे नाव घेणारा प्रत्येक जण करदात्याचा वकील असतोच असे नाही, एवढे त्यावरून कळते.

आपल्या संपातही तसेच दिसले. निम्म्या पगारावर आम्ही काम करायला तयार आहोत, असे म्हणणारे बेरोजगार तरुण त्या दिवसांत पुढे आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या मुलांची कीव आली आणि भीतीही वाटली. आज निम्म्यावर, उद्या पाव पगारावर कुणी उभा राहील. एकेकटा माणूस असाच खाली खाली बोलत जातो, म्हणून तर एकत्र बसून दर ठरवायचा असतो. इचलकरंजीत ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, हे एकेका कामगाराने मालकाला विचारले असते तर काय मिळाले असते, हे भावाला विचारा.

तेव्हा माझे मत असे झाले आहे. हक्क आहे, पण तो उधारीचा आहे. ज्याची अडचण करून आपण जिंकतो त्याचे देणे आपल्यावर चढते. हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही.

१९७७-७८ च्या हिवाळ्यात राज्य कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवसांचा संप केला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता हवा होता. मी नोकरीला लागून दीड वर्ष झाले होते. अब्बा वारले होते. पगार बंद. त्या ५४ दिवसांत आमची चूल सतरा वर्षांच्या धाकट्याच्या मजुरीवर पेटली. तो दोन पाळ्या करायचा. रात्री आला की अम्मी त्याच्या कानातला कापूस काढायची, आणि मी सभेत काय ठरले ते सांगायचो. पुढे भत्ता वाढत गेला, वेतन आयोग आले, पेन्शन आली. ते सगळे माझ्या खात्यावर. त्याच्या नावावर ना फंड, ना पेन्शन. श्रावणबाळ योजनेचे तेव्हा महिना १,००० रुपये मिळत, पण त्यासाठी ६५ वर्षे पूर्ण लागतात, आणि तो ६३ चा होता.

हजरत उमर (रजि.) यांची एक हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. दारोदार मागणारा एक आंधळा म्हातारा त्यांना दिसला. तो यहुदी होता. जिझिया, गरज आणि वय यांमुळे ही पाळी आली, असे त्याने सांगितले. उमर यांनी त्याला घरी नेऊन काही दिले, मग बैतुलमालच्या खजिनदाराला बोलावून त्याची आणि त्याच्यासारख्यांची सोय लावायला सांगितली. तरुणपणी याच्याकडून घ्यायचे आणि म्हातारपणी याला टाकायचे, हा न्याय नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ही गोष्ट आपण इतर धर्मीयांशी वागण्याचा दाखला म्हणून सांगतो. ती कराची आणि पेन्शनची गोष्ट आहे, हे माझ्या लक्षात भावाच्या डोळ्यामुळे आले. त्या म्हाताऱ्याची नोकरी काय होती, हे उमर यांनी विचारले नाही.

२० मार्चला संप मिटला. सरकारने समिती नेमली होती. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली, त्यात पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला निम्म्या मूळ पगाराची हमी आहे. आशा सेविकांना मात्र २०२३-२४ मध्ये आपला संप वेगळा करावा लागला. त्यांच्या मोर्चात माझा मुलगा नव्हता. त्याच्या संघटनेतले कुणी होते का, मी विचारले. तो म्हणाला, “त्यांचा विषय वेगळा आहे, अब्बा.”

त्याला काय बोलू? मी स्वतः अकरा वर्षे तालुका संघटनेचा चिटणीस होतो. धाकट्याने एकदा सहज विचारले होते, “आम्ही यंत्रमाग कामगारांसाठी कल्याण मंडळ मागतोय इतकी वर्षं, तुमच्या संघटनेनं पाठिंब्याचं एक पत्र तरी दिलं का?” मी जुने ठरावबुक काढून पाहिले. भत्ता, बदल्या, वेतनश्रेणी, अभिनंदनाचे ठराव, एका साहेबांच्या निषेधाचाही ठराव. मागवाल्यांचा एकही नाही. अक्षर माझेच होते.

त्याचे ऑपरेशन ईदनंतर झाले. त्याआधी रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना मी काही रक्कम पाकिटात घालून त्याच्यापुढे ठेवली. सख्ख्या गरजू भावाला जकात देता येते, त्यात गैर काही नाही. त्याने पाकीट परत सरकवले. म्हणाला, “भाईजान, अठ्ठ्याहत्तर साली मी तुम्हाला जकात दिली होती का?” मग थोडा वेळ थांबून, “तुम्हाला हक्क म्हणून मिळतं, मला सवाब म्हणून का?”

गेल्या खेपेला पेन्शनरांच्या सभेला जाताना मी एक कागद लिहून नेला. यंत्रमाग कामगार आणि आशा सेविका यांच्या म्हातारपणाची सोय सरकारने करावी, त्यासाठी आपल्या संघटनेने त्यांच्याबरोबर उभे राहावे, एवढ्या दोन ओळी. चिटणिसांनी चष्मा लावून वाचल्या. चांगले आहे, म्हणाले, पण विषयपत्रिका आधीच छापून झाली आहे. ‘ऐनवेळचे विषय’ यात घेऊ.