न छापलेली बातमी

तेरच्या पारावर एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. मत तेथेच बनते. आपण ते स्वतःचे समजून मतपेटीपर्यंत नेतो. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नाही. खोटे छापायलाच हवे असे नाही, गप्प राहिले तरी काम भागते!

शब्दांचेही तसेच. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. त्याला आजही 'दंगल' म्हणतात. दंगल म्हटली की दोन बाजू आल्या. मीही वर्गात फळ्यावर तोच शब्द लिहिला. एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग आपल्या लोकांनी कोणाची घरे जाळली?"

मी फळा पुसला.