सवलत मागणाऱ्यांची नोंद

राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे घटनापत्रात, बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्याने त्यांनी परवानगी दिली. पण या पैशाने एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, संसदेने वेळीच विचार करावा, असेही बजावले. पुढे संसदेने धरसोडच केली. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, तेव्हा पैसा थांबला नाही, काळा झाला. १९८५ मध्ये बंदी उठून मर्यादा आली. २०१३ च्या कंपनी कायद्यात ही मर्यादा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के होती. २०१७ च्या वित्त कायद्याने तीही गेली आणि निवडणूक रोखे आले. तोट्यातल्या कंपनीलाही हवी तेवढी देणगी निनावी देता येऊ लागली. (तोट्यात असे औदार्य कुठून सुचते, हे विचारायचीही सोय नव्हती.) १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सारे घटनाबाह्य ठरवले.

तरीही केवळ देणगीकडे बोट दाखवून भागत नाही. देणगीला मोल येते ते सरकारच्या हाती वाटण्यासारखे काही असते म्हणून: एखाद्या उद्योगापुरती करसूट, अधिसूचनेतली एखादी ओळ, परवान्याची एखादी अट. नियम कडक केले की बडे भांडवलदार वठणीवर येतात, हा समज भाबडा आहे. वकील आणि सनदी लेखापालांची फौज पदरी असणाऱ्याला किचकट नियम पुष्कळदा मानवतो. बेजार होतो तो लहान कारखानदार. म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये, सवलतींवर पाणी सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कंपनी कराचा मूळ दर सरकारने २२ टक्क्यांवर आणला, त्यातले तत्त्व मला पटते. सवलती कमी, तेवढे खेटे कमी. पण सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडणारा हा निर्णय संसदेत चर्चा होण्याआधीच, वटहुकमाने लागू झाला. त्यासाठी कोण कोणाला भेटले, हे नोंदवायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही.

उद्योगांनी आपले म्हणणे मांडूच नये का? जरूर मांडावे, शेतकरी आणि कामगार संघटनाही मांडतातच. त्यावर बंदी घातली तर १९६९ चीच पुनरावृत्ती होईल. मागणी फक्त नोंदीची आहे. अमेरिकेत १९९५ पासून असा नोंदीचा कायदा असूनही तिथल्या कंपन्यांचे वजन घटलेले नाही, हा आक्षेप खराच. नोंदीने वजन घटत नाही. ते किती आणि कुठे पडले, एवढे कळते. तेही थोडे नाही. किरकोळ व्यापारातील परकीय गुंतवणुकीवर आपण भांडत असताना भारतीय बाजारपेठेसाठीही वॉलमार्टने लॉबिंग केल्याचे २०१२ मध्ये आपल्या संसदेला कळले, ते अमेरिकेत दाखल झालेल्या विवरणपत्रांमुळे. मग इथे निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती बसली. २०१३ मध्ये एका खासदाराने लॉबिंगच्या नोंदीचे खासगी विधेयक तयार केले. त्याचा कायदा झाला नाही.