कर्ज आधी की दशांश?

शंका : चोपडा तालुक्यात आमची थोडी केळी आणि कपाशी आहे. विकास सोसायटीचं पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आहे. पाळकसाहेबांनी मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर उपदेश केला. दशांश न देणारा देवाला लुटतो, असं सांगितलं. कपाशीची पट्टी हाती आली की एकूण रकमेचा दहावा भाग आधी काढायचा, की खर्च आणि कर्ज वजा करून? आधी काढला तर सोसायटी थकते.
— एक शेतकरी वाचक

समाधान : दादा, आधी सोसायटी भरा. वेळेत फेडलेल्या ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर आपल्या राज्यात व्याज पडत नाही. तारीख चुकली की ही सवलत गेली. ती घालवून केलेल्या अर्पणाने देव संतुष्ट होतो, असं मला शास्त्रात कुठे सापडलेलं नाही.

पट्टीवरची सगळी रक्कम तुमची नसतेच. त्यात वेचणीला आलेल्या बायांची मजुरी आहे, कृषी केंद्राची उधारी आहे, गाडीभाडं आहे. दुसऱ्याच्या पैशातून दान कसं देणार? मलाखीच्या त्याच अध्यायात, दशांशाच्या वचनाच्या थोडं आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहतो. ते पाचवं वचन उपदेशात आलं होतं का? आणि दुसरा अध्याय तर थेट याजकांनाच सुनावतो. तो व्यासपीठावरून वाचलेला मी फारसा ऐकलेला नाही.

मी या बाबतीत पौलाचं ऐकतो. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय आठ आणि नऊ, घरी सावकाश वाचा. यरुशलेमेतल्या गरीब बंधूंसाठी तो वर्गणी गोळा करतो आहे, पण टक्केवारी सांगत नाही. जवळ आहे त्या मानाने दिलेलं देवाला मान्य होतं, नाही त्याची अपेक्षा नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हा वादळात केळी आडवी झाली, त्या वर्षी दशांश शून्य निघाला तरी मान खाली घालू नका.

मात्र वजावटीला कुंपण हवं. बियाणं-खत कर्जाच्याच पैशातून आणलं असेल, तर खर्च म्हणून एकदा आणि कर्ज म्हणून पुन्हा, असं दोनदा वजा करायचं नाही. मोटारसायकलचा हप्ता आणि लग्नातला मांडव हा शेतीचा खर्च नव्हे. खर्च-कर्ज जाऊन जे उरेल ते तुमचं उत्पन्न. त्यातून देवाचा वाटा घरखर्चाच्या आधी बाजूला काढा. महिनाअखेरीस उरलंसुरलं टाकायचं, हे मला पटत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं बोलतो. खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्या मिशनच्या पैशावर उभ्या राहिल्या. पश्चिमेला धुळे-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, इकडे जळगाव-भुसावळला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. पाळकाचा पगार, शाळा, दवाखाना सगळं बाहेरून यायचं. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, ते उदाहरण आपण भाषणात सांगतो; मंडळीने पाळकाला पोसायची सवय मात्र फार उशिरा लावून घेतली. मिशनरी गेले, पगार थेट दानपेटीवर आला. पाळकाच्या घरातही चूल पेटायची असते, म्हणून अर्पण द्याच.

पण दिल्यावर हिशेब मागा. कोणी किती दिले याची यादी भक्तीत मोठ्याने वाचायची, हंगामाच्या सणाला केळीच्या एका घडावर प्रतिष्ठेची बोली लावायची, आणि वर्षाचा जमाखर्च मात्र कपाटात, या रीतीचा मला मनापासून वीट आला आहे. विधवेची दोन नाणी येशूने पाहिली. आपली मंडळी ती यादीत सगळ्यात शेवटी वाचते. पौलाने जमलेली रक्कम एकट्याच्या हाती ठेवली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधू पाठवला आणि पैशावरून कोणी बोट ठेवू नये म्हणून ही काळजी, असं स्पष्ट लिहिलं. आपली मंडळी ज्या न्यासाखाली नोंदलेली असेल, त्याला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब ठेवून तपासून घेणं भागच आहे. धर्मादाय कार्यालय जळगावात आहे, धुळ्यातही आहे. हिशेब विचारणाऱ्याला ‘विश्वास कमी पडला’ म्हणणारे पंच पौलालाही तेच म्हणाले असते काय?

शंका : एका सभेतल्या पाहुण्या प्रचारकांनी ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ म्हणून अर्पण मागितलं. बचत गटाचं कर्ज उचलून ५,००० रुपये द्यावेत असं मनात आहे. यजमानांना सांगितलेलं नाही.
— एक भगिनी, धुळे

समाधान : ताई, देऊ नका. पेरणाऱ्याच्या दाखल्यातलं बी म्हणजे देवाचं वचन. येशूने स्वतःच तसा उलगडा केला आहे. त्याची नोट या प्रचारकांनी केली. शंभरपटीची त्यांना एवढी खात्री असेल, तर त्यांनीच तुमच्या गटात ५,००० पेरावेत. गटाचा हप्ता थकला तर बाकीच्या बायांना भरावा लागतो, त्यांच्या पैशावर तुम्ही आशीर्वाद विकत घेणार का? येशूने कुर्बानाच्या नावाखाली आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना मार्काच्या सातव्या अध्यायात झापलं आहे, तेही वाचा.

कर्ज उचललंच असेल तर उद्याच गटात परत भरा, आणि यजमानांना आज सांगा. त्या प्रचारकांचा पुन्हा फोन आला, तर पावतीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक काय असतो तेवढं विचारा.