रस्त्याची वाटणी

पुण्यात पन्नास-साठ माणसांनी भरलेली पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, बस सिग्नलला अडकून पडते. तिच्या पुढे पंधरा-वीस मोटारी, बहुतेकींत एकेकटा माणूस. हिरवा दिवा लागतो, मोटारी निघतात आणि बस चौकात पोचेपर्यंत पुन्हा लाल. आपण याला ‘ट्रॅफिक’ म्हणून सोडून देतो, जणू ते पावसासारखं वरून पडतं. पण ही वाटणी आहे, आणि ती आपणच केलेली आहे. भावकीत जमिनीचे वाटे पडतात तेव्हा धाकट्याला बांधावर ढकललं तर गाव बोलतं. इथे रस्ता सगळ्यांच्या पैशातून होतो, ज्याचं वाहन जास्त जागा अडवतं त्याला मोठा वाटा मिळतो आणि कुणीच बोलत नाही.

देशाचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ साली आलं. रस्त्याचा विचार वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने करायचा, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका, म्हणजे बीआरटी, सुरू झाली. देशात असं पहिलं धाडस पुण्याने केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. उणिवा पुष्कळ होत्या. मार्गिका तुटक होती, थांबे गैरसोयीचे होते, दुचाक्या बेधडक आत शिरत. या उणिवा दुरुस्त करता आल्या असत्या. आपण मात्र पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी उखडली. कोंडी होते, हे कारण. कोंडी कुणाची, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

कोलंबियातल्या बोगोटा शहराने तो विचारला, आणि ते काही श्रीमंत नव्हतं. १९९८ ते २००० या काळात महापौर असलेल्या एन्रिके पेन्यालोसा यांनी पदपथांवर लागणाऱ्या मोटारी हटवल्या. लोक खवळले, त्यांना पदावरून काढण्याची मोहीम निघाली. ते हटले नाहीत. २०००च्या डिसेंबरात तिथे ट्रान्समिलेनिओ ही बससेवा सुरू झाली, स्वतःच्या राखीव मार्गिकांवरून धावणारी. आज तिच्यातही जीवघेणी गर्दी असते, बोगोटाकर तिच्यावर चिडतात. तरीही आधी वाट कुणाला, हे त्या शहराने ठरवलं होतं.

मोटार घेणं हा गुन्हा नाही. बसचा भरवसा नाही, म्हणून कित्येकांनी हप्त्यावर दुचाकी घेतली आणि त्या गर्दीने बस आणखी रखडली. या फेऱ्यात सगळ्यात जास्त भरडल्या जातात त्या घरकामाच्या मावशी. सकाळी तीन-चार घरं गाठायची असतात. पहिल्या घरी उशीर झाला की पुढची सगळी घरं कोलमडतात, बोलणी बसतात, कधी कामच सुटतं. साहेबांची बैठक अर्धा तास पुढे ढकलता येते, मावशींची भांडी ढकलता येत नाहीत. २०२५च्या जूनमध्ये पीएमपीचं किमान तिकीट पाचवरून दहा रुपये झालं. पैसे वाढले, मावशींचा रस्त्यावर जाणारा वेळ काही कमी झाला नाही.

कोंडी झाली की आपण उड्डाणपूल मागतो. पुण्यातल्याच विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२०मध्ये पाडले, बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती. आपल्या नगरसेवकाकडे पुढचा पूल मागण्याआधी विचारा, सकाळी नऊ वाजता स्वारगेटहून हडपसरला बस किती मिनिटांत पोचते आणि वर्षभरात त्यातली किती मिनिटं कमी करणार.