मुक्काम : शून्य रुपये

आम्ही दोघे गाडीने एक्केचाळीस दिवस फिरून आलो. त्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात जो भेटला त्याने पहिला प्रश्न एकच विचारला, "किती खर्च आला?" कुठे गेलात, काय पाहिलेत, तब्येत सांभाळली का, हे सारे नंतर. खरे सांगायचे तर आम्हीही त्या प्रश्नाची वाटच पाहत होतो. "सगळे धरून पंचावन्न हजार तीनशे," असे सांगताना आमचा आवाज थोडा चढत असे. "दोघांचे? सव्वा महिन्याचे?" असे म्हणून समोरच्याने डोळे मोठे केले की आम्हांला बक्षीस मिळाल्यासारखे वाटे. फादर म्हणाले, "तुम्ही आपल्या पत्रिकेत लिहा, निवृत्त मंडळींना उपयोग होईल." लिहायला बसलो, खर्चाची वही उघडली आणि तिथेच अडलो. त्यामुळे हा लेख स्वस्त प्रवासाच्या युक्त्यांचा राहिलेला नाही. युक्त्या हव्या असतील त्यांनी घरी यावे, चहा घेता घेता सांगू.

आमच्यापैकी एक शाळेतून निवृत्त झालेली, दुसरा कारखान्यातून. मुले आपापल्या संसाराला लागली आहेत. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज दर तीन महिन्यांनी येते. दोन वेळचे व्याज बाजूला ठेवायचे आणि त्यात बसेल तेवढेच फिरायचे, असे आम्ही ठरवले होते. २०२५ हे ज्युबिली वर्ष होते आणि जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दहा वर्षांनी होणारे दर्शन ५ जानेवारीला संपणार होते. म्हणून नाताळ घरी साजरा करून २ जानेवारीला निघालो. जुन्या ईको गाडीचे मागचे आसन काढून तिथे फळी टाकली. एक तंबू, दोन सतरंज्या, पाच किलोचा सिलिंडर, कुकर, पाण्याचा कॅन, तांदूळ, डाळ, लोणचे आणि अर्थात सुके बोंबील. गोव्यानंतर किनाऱ्याने कारवार, उडुपी, मंगळूर, कोची, कन्याकुमारी, पुढे मणपाड, वेलंकनी आणि मग आतल्या रस्त्याने परत. जाताना बराच रस्ता पनवेलहून कन्याकुमारीला जाणारा ६६ क्रमांकाचा महामार्ग. त्याच्या कोकणातल्या पट्ट्यात तेव्हाही काम चालूच होते, त्याविषयी न बोललेलेच बरे.

वहीत रोजचा खर्च रोज लिहिला आहे. पेट्रोल २९,६००. टोल ३,९००. किराणा, मासळी, गॅस १३,२००. मुक्काम ४,८००. गाडीची डागडुजी २,७००. दान व मिस्सा १,१००. हा शेवटचा आकडा लिहिताना तेव्हा काही वाटले नव्हते. आता वाटते. पण आम्ही अडलो ते मुक्कामाच्या रकान्यात. चाळीस रात्रींपैकी तेवीस रात्रींपुढे शून्य लिहिलेले आहे. आणि त्या शून्यांभोवती, लहान मुलाने चांगले गुण मिळाल्यावर करावे तसे, लाल पेनाने गोल केलेले आहे.

त्यातले एक शून्य कन्याकुमारी आणि मणपाड यांच्या मधल्या एका कोळीवाड्यातले. संध्याकाळ झाली होती. चर्चजवळच्या एका घराशेजारी मोकळी जागा दिसली. तामिळ आम्हांला येत नाही. आम्ही काय केले, तर गळ्यातला क्रूस आणि खिशातली जपमाळ दाखवली. तोवर आम्हांला अनुभवाने कळले होते की जपमाळ दाखवली की फाटक उघडते. घरातल्या बाईंनी हात जोडले, दारावरची वेलंकनी मातेची तसबीर दाखवली आणि जागा झाडून दिली. पाण्यासाठी ओट्यावर रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी रांगेने भरून ठेवल्या होत्या, त्यांकडे बोट केले. आम्ही दिवसभराच्या घामाने चिकट झालो होतो. दोघांनी आंघोळ केली, दोन कपडे धुतले, कुकर व ताटल्या विसळल्या, कॅन भरून घेतला. सकाळी परत तोंड धुणे, चहा, भांडी. एकूण सहा घागरी रिकाम्या झाल्या. निघताना आम्ही शंभराची नोट पुढे केली. बाईंनी हात मागे घेतला, मान हलवली आणि हसल्या. आम्हीही हसलो, नोट परत खिशात ठेवली. त्यांच्या नातवाचा तंबूपुढे फोटो काढला. गाडीत बसल्यावर वहीत लिहिले : मुक्काम शून्य.

चाळीसेक किलोमीटर पुढे दुसऱ्या एका वस्तीत टँकर उभा होता. तशाच रंगीत घागरी घेऊन बायका उभ्या होत्या आणि प्रत्येक घागरीचे दहा रुपये मोजून देत होत्या. किनाऱ्यावरच्या विहिरींचे पाणी खारे, म्हणून पिण्याचे विकत घ्यायचे. गाडी थांबवून आम्ही ते पाहत बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही.

आम्ही वसईची माणसे. पाण्याचा टँकर म्हणजे काय हे आम्हांला कोणी शिकवायला नको होते. आपल्या विहिरींचे पाणी उपसून टँकर जात, तेव्हा याच गावांतली माणसे रस्त्यावर उतरली होती. आणि आम्हीच दुसऱ्याच्या ओट्यावरच्या विकतच्या पाण्याने कपडे धुऊन आलो होतो.

"परत जाऊ या," आमच्यातली एक म्हणाली. दुसऱ्याने मनातल्या मनात हिशेब केला. जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर, म्हणजे पाच-साडेपाच लिटर पेट्रोल, साडेपाचशे रुपये. पाणी साठ रुपयांचे. "साठ रुपये द्यायला साडेपाचशे घालवायचे?" असे तो म्हणाला, आणि ते हिशेबाला धरूनही होते. आम्ही परत गेलो नाही. मणपाडला गेलो, समुद्रात घुसलेल्या टेकडीवरचे पवित्र क्रूसाचे चर्च पाहिले, संत फ्रान्सिस झेवियर जिथे राहत असे सांगतात त्या गुहेत गुडघे टेकले. प्रार्थनेत मन लागले नाही, एवढे इथे नमूद करतो.

त्या रात्रीपासून आमच्यात जो वाद चालू आहे तो अजून मिटलेला नाही. तो आपल्यापुढे ठेवावा म्हणूनच हे लिहिणे.

आमच्यातला एक म्हणतो, बाईंनी पैसे नाकारले. पाहुण्याला पाणी देणे हा त्यांचा आनंद होता. जबरदस्तीने नोट कोंबली असती तर त्यांच्या दारचे आदरातिथ्य आपण लॉजचे बिल करून टाकले असते. घेणे हेसुद्धा शिकावे लागते. सगळ्याची परतफेड करून मोकळे होणारा माणूस नम्र नसतो, तो फक्त कोणाचा ऋणी राहायला तयार नसतो. प्रभूनेही शिष्यांना झोळी आणि पैसे न घेताच पाठवले होते ना?

दुसरीचे म्हणणे असे. शिष्यांकडे पैसे नव्हते. आपल्याकडे होते, फक्त ते काढायचे नव्हते. शिष्य ज्या घरी उतरत त्या घराला काहीतरी देऊन जात, आजाऱ्यांवर हात ठेवत, शांती देत. आपण काय दिले? फोटो काढला, आणि तोही आपल्याच फोनमध्ये राहिला. शिवाय त्या बाईंना आपण काय देत आहोत ते ठाऊक होते. आपण काय घेत आहोत ते आपल्याला ठाऊक नव्हते आणि आपण विचारलेही नाही. विचारले नाही, कारण उत्तर मिळाले असते तर शून्य लिहिता आले नसते.

हे शेवटचे वाक्य पहिल्याला फार लागले. त्याने दोन दिवस वही उघडली नाही.

प्रवासात तंबूची घडी घालताना आम्हांला वारंवार संत पौलाची आठवण होई. प्रेषितांची कृत्ये, अध्याय अठरा वाचून पाहा. करिंथमध्ये पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोकडे उतरला. सम्राट क्लौद्याच्या हुकुमाने रोम सोडावे लागलेले हे जोडपे तंबू बनवण्याचा धंदा करी, आणि पौलाचाही धंदा तोच. तो त्यांच्याबरोबर कामाला बसला. कोणावर आपला भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले, हे तो थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती लोकांना आठवण करून देतो. मिळणारे घेण्याचा हक्क आपल्याला आहे, असेही तोच अन्यत्र म्हणतो. म्हणजे हक्क होता, तरी त्याने तो वापरला नाही. आणि आम्ही? आमच्याकडे तंबू होता, पण तो जिथे लावला तिथे आम्ही एकदाही कामाला बसलो नाही. केरळमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये तीन रात्री राहिलो, पंखा फिरत होता, दिवे चालू होते. निघताना दानपेटीत शंभर रुपये टाकले आणि वहीत 'दान' म्हणून लिहिले. ते दान नव्हते. विजेच्या बिलालाही ते पुरले असते की नाही कोण जाणे.

काटकसर वाईट, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. बोंबलाच्या चटणीबरोबर भात खाल्ला, एकेक जोडी कपड्यांवर दिवस काढले, हॉटेलचा मोह टाळला, याचा आम्हांला आजही आनंद आहे. त्याची झळ लागली तर आम्हांलाच लागली. पण मालप्याच्या बंदरावर दोनशेचे बांगडे घासाघीस करून दीडशेला घेतले, तेव्हा वाचलेले पन्नास रुपये आमच्या पोटातून वाचले नव्हते. उन्हात बसलेल्या त्या बाईच्या पदरातून वाचले होते. आमच्यापैकी एकीची आई पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली मुंबईला नेई. वांग्यांचे भाव पाडून घेणाऱ्या गिऱ्हाइकांना ती घरी आल्यावर ज्या शिव्या घाली, त्या या पवित्र पत्रिकेत छापता येणार नाहीत. मालप्याच्या बाईंनी त्या संध्याकाळी आम्हांलाही त्याच घातल्या असतील, फक्त कन्नडमध्ये किंवा तुळूमध्ये.

काही जण म्हणतील, पन्नास-साठ रुपयांवरून एवढा काथ्याकूट कशाला? रक्कम लहान आहे, मान्य. पण आम्ही घरून निघताना आपल्याला 'यात्रेकरू' म्हणवून घेतले होते. यात्रेकरूला लोक दार उघडतात, कारण तो उद्या निघून जाणार असतो आणि त्याच्याजवळ काही नसते, असे त्यांना वाटते. आमच्याजवळ पोस्टातले व्याज होते. गळ्यातला क्रूस आम्ही सवलतीच्या पासासारखा दाखवला. आमच्यामागून त्या ओट्यापाशी जो खरोखर रिकाम्या खिशाने येईल, त्याच्यासाठी घागर भरलेली असेल का?

लेख लिहायचे ठरल्यावर आम्ही त्या तेवीस शून्यांसमोर बसलो. आठवून आठवून प्रत्येकाची किंमत लिहायचा प्रयत्न केला : जागा, पाणी, वीज, एकीकडे मिळालेली नारळाची दोन शहाळी, एकीकडे रात्रभर गाडीवर लक्ष ठेवणारा वॉचमन. एकोणीस शून्ये पुसली गेली. चार रात्री काही केल्या आठवत नाहीत, कोणी जागा दिली तेही नाही. जिथले पत्ते होते तिथे, त्यात केरळचा तो हॉलही आला, मनी ऑर्डर किंवा बँकेतून पैसे पाठवले आहेत. एका ठिकाणाहून ते परत आले, सोबत निरोप की आम्ही पुन्हा यावे.

त्या बाईंचे नाव आम्ही विचारले नव्हते. गावाचे नावही लिहून घेतलेले नाही, वहीत फक्त 'कोळीवाडा' असे आहे. नातवाच्या फोटोत मागे चर्चचा अर्धा मनोरा आला आहे. वसई रोडला आमच्या ओळखीचे एक तामिळ कुटुंब आहे. त्यांना तो फोटो दाखवला. त्यांनी आपल्या माणसांना पाठवला, आणि तीन गावांची नावे आली आहेत, त्यांपैकी एक असावे. येत्या जानेवारीत तिथे जाऊन पाहायचे ठरवले आहे. या वेळी रेल्वेने जाऊ, गाडीपेक्षा बरेच स्वस्त पडेल, असे आमच्यातल्या एकाने सुचवले. दुसरीने त्याच्याकडे नुसते पाहिले, आणि वही उचलून कपाटात ठेवली.