अदंड्याचा दंड

रस्त्यात घाण टाकली तर पण या नाण्याचा आठवा भाग, चिखल-पाण्याने रस्ता अडवला तर पाव पण, आणि हेच राजमार्गावर केलं तर दुप्पट. कौटिल्याने अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराच्या प्रकरणात हे दर लावून ठेवलेत. वर्गात मी हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "बाई, तेव्हापण पावती फाडायचे?"

आजचा दर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ चा. नो-पार्किंगला पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात हे आकडे लागू झाले, त्याआधी २०० वर भागत होतं. गाडी उचलून नेली तर टोइंगचे वेगळे, वर जीएसटी. एवढं भरलं की सुटलो, असं आपण म्हणतो. पण कशातून सुटलो?

मनुस्मृतीचं उत्तर स्पष्ट आहे. राजाने दंड केला की अपराधी निर्मळ होतो, पुण्यवानांसारखा स्वर्गाला जातो (आठवा अध्याय). म्हणजे दंड हा हिशेब नव्हे, धुलाई आहे. त्याच अध्यायात सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण, तिथे राजाला हजार, असंही आहे. आणि शूद्रांसाठी अघोरी शिक्षाही तिथेच आहेत. १९२७ मध्ये महाडला ही पोथी जाळली गेली ती उगीच नाही, त्यामुळे मी तिची आरती करत नाही. पण धुलाईची कल्पना मला विचारात पाडते. प्रायश्चित्ताला पश्चात्ताप लागतो, आपलं पाप चारचौघांत बोलून दाखवावं लागतं. दंडाला यातलं काही लागत नाही. फोनवर आकडा येतो, यूपीआयवर जातो. मन तिथे उपस्थितच नसतं, मग धुतलं काय जातं?

इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. ग्नीझी आणि रुस्टिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी २००० साली ते छापलं. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता दहा शेकेल टाकले की जास्तीचा वेळ विकत मिळाला. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ मंगल कार्यालयासमोर गाडी लावताना 'पाचशे धरूनच चालायचं' म्हणतात, तेव्हा मला हैफा आठवतं. त्यांच्या लेखी ते भाडं आहे. त्यांच्या गाडीमागे रुग्णवाहिका अडकली, तर तो हिशेब कुठल्या चलनात धरायचा?

हे झालं चूक करून भरणाऱ्यांचं. मला जास्त छळतो तो उलटा प्रश्न: न केलेल्याचा दंड भरावा का?

गेल्या पावसाळ्यात माझ्या फोनवर चलन आलं. लिंक उघडली. फोटोत सम-विषम पार्किंगच्या पी-२ पाटीखाली लाल मोपेड उभी, नंबरप्लेटवर चिखलाचा शिपका, शेवटचा आकडा तीन की आठ ते सांगता येऊ नये असा. माझी स्कूटर राखाडी आहे. (सम-विषमचा गोंधळ असता तर समजून घेतलं असतं. ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम, त्या दिवशी भलेभले चुकतात.) खालचे मेडिकलवाले म्हणाले, "बाई, पाचशे भरा नि मोकळ्या व्हा. तुमचा वेळ काय कमी किमतीचा आहे?"

हा सल्ला व्यवहाराचा आहे, वाईट हेतूचा नाही. पण मला तो पटेना. पैसे भरणं म्हणजे 'तिथे गाडी मी लावली' असं म्हणणं, आणि ते खोटं आहे. शिवाय नोंद माझ्या गाडीवर राहते, पुढच्या वेळी दर १,५०० चा. आणि ज्याने खरोखर लावली तो मोकळा. मनूने राजाला नरकाचं भय दाखवलंय ते नेमकं या दोन गोष्टींसाठी: अदंड्याला दंड करणं आणि दंड्याला सोडणं. इथे दोन्ही एकाच फोटोत झालं होतं.

कौटिल्य तर राजालाच दंड ठोकतो. निरपराध्याकडून जेवढं घेतलं त्याच्या तीसपट राजाने वरुणाला म्हणून पाण्यात सोडायचं, मग ते ब्राह्मणांना द्यायचं. ब्राह्मणांची सोय बघितलेली आहेच, पण कल्पना जबर. वरुण हा राजांनाही शासन करणारा देव. पाचशेचे पंधरा हजार होतात.

वरुणाकडे जायची गरज पडली नाही. ई-चलनाच्या संकेतस्थळावर तक्रारीचा रकाना असतो. तिथे चलन क्रमांक, आरसीची प्रत, माझ्या स्कूटरचे दोन फोटो, एक नंबरप्लेटचा नि एक रंग दिसेल असा, आणि चार ओळी: गाडी वेगळी, रंग वेगळा, फोटोतला आकडा पुन्हा तपासावा. रागाचा शब्द एकही नाही. वाचणाऱ्याने चलन फाडलेलं नसतं. इथे ऐकलं नाही तर न्यायालयापुढे बाजू मांडता येते. लोकअदालतीतही ही प्रकरणं निघतात, कधी रक्कम कमी होते. पण तिथे जे होतं ते संमतीने, आणि निवाड्यावर अपील नाही. ज्याने केलंच नाही त्याने निम्म्याला तरी का संमती द्यावी?

चलन रद्द झालं. मेडिकलवाल्यांना कळलं तसे ते स्वतःचा फोन घेऊन वर आले. त्यांचंही एक चलन होतं. "बाई, तुमच्यासारखंच लिहून द्या. झाडाच्या फांद्यांत पाटीच दिसत नव्हती."

मी फोटो मोठा करून पाहिला. गाडी फूटपाथवर चढवलेली, दोन्ही चाकं वर, आणि एक आजीबाई पिशवी घेऊन तिला वळसा घालून रस्त्यातून चाललेल्या.

"फूटपाथला पाटी कशाला लागते हो?" मी विचारलं.

त्यांनी माझ्यासमोरच पाचशे भरले.