आठवणीवाचूनचे वादन

स्मृती गमावलेला वादक वाद्य वाजवू शकतो, याचे स्पष्टीकरण बहुधा एका वाक्यात उरकले जाते: घडलेल्या प्रसंगांची घटनास्मृती आणि सरावाने अंगवळणी पडलेल्या कौशल्यांची कृतिस्मृती मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर अवलंबून असतात, त्यामुळे पहिली गेली तरी दुसरी शाबूत राहते. हे खरे असले तरी अपुरे आहे.

क्लाइव्ह वेअरिंग हे ब्रिटिश समूहगान-संचालक आणि सोळाव्या शतकातील रचनाकार लासुस यांच्या संगीताचे जाणकार. 1985 मध्ये हर्पिस विषाणूमुळे त्यांना मेंदूदाह झाला आणि अनुभवांना टिकाऊ आठवणींचे रूप देणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग दोन्ही बाजूंनी उद्ध्वस्त झाला. काही सेकंदांपलीकडचे काहीच मनात टिकेना. आपल्याला आत्ताच प्रथम जाग आली, अशी नोंद ते रोजनिशीत वारंवार करीत आणि आधीची नोंद खोडून टाकीत. बाखची एखादी रचना वाजवायला सांगितली, तर ती कधी वाजवलीच नाही असे ते म्हणत आणि पियानोवर बोटे टेकताच ती वाजवीत. इतकेच नव्हे, तर समोरचे स्वरलेखन वाचून ते वाजवीत, तीच रचना दुसऱ्या पट्टीत उतरवीत, आयत्या वेळी नवे काही रचीत आणि लहान पानावरची पुनरावृत्तीची खूणही पाळीत.

हे केवळ बोटांच्या सवयीने साधत नाही, कारण पानावरच्या संगीताचा अर्थ लावून ते वाजवायला जागी समज लागते. ‘लहान पान’ ही मर्यादाही बोलकी आहे: रचनेतला प्रत्येक स्वर पुढच्या स्वराची अपेक्षा निर्माण करतो, आणि ती साखळी नजरेच्या टप्प्यात असेपर्यंत मागचे मुद्दाम आठवावे लागत नाही. संगीत थांबले की वेअरिंग पुन्हा त्याच पोकळीत पडत, असे त्यांच्या पत्नी डेबोरा यांनी नोंदवले आहे.

नवे कौशल्य शिकण्याची वाटही पूर्ण बंद होत नाही. 1953 च्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवण्याची शक्ती गमावलेले हेन्री मोलेसन आरशात पाहून ताऱ्याची आकृती रेखाटण्यात दिवसागणिक सुधारत गेले, मात्र आदल्या दिवशीचा सराव त्यांना कधीच आठवला नाही. त्यामुळे अशा रुग्णाने ‘मला वाजवता येत नाही’ असे सांगितले, तरी त्याच्या त्या प्रामाणिक उत्तरावर न थांबता वाद्य त्याच्यासमोर ठेवून पाहणे हीच खरी चाचणी होय.